तिकडं कामगाराला विचारतात काय?

तुझा प्रश्न वाचून दोन दिवस उत्तर दिलं नाही. बेळगावजवळच्या मच्छ्यात सीएनसी मशीनवर सहा वर्षं काढलेला पोरगा जर्मनीला निघाला की पगार, भाडं, व्हिसा विचारणारच. पण शेवटी जाता जाता लिहिलंस, "दादा, तिकडं कामगाराचं ऐकतात म्हणे, खरं काय? त्यात पडलं तर व्हिसा जातो काय?" मी त्या ओळीलाच अडकलो.

व्हिसा आणि आयटीआयच्या सर्टिफिकेटची मान्यता, हे सगळं सरकारी साइटवर आहे, तिथं वाच. मी एवढंच सांगतो की कागदांवरचं गावाचं नाव आधी जुळवून घे. माझ्या पासपोर्टवर 'बेलगाम', पोरीच्या कन्नड जन्मदाखल्यावर 'बेळगावी', माझ्या शाळेच्या दाखल्यावर 'बेळगाव'. इथं जर्मनीत ऑफिसातल्या बाईंनी शांतपणे विचारलं, ही तीन गावं एकमेकांपासून किती लांब? २०१४ च्या १ नोव्हेंबरला सरकारनं नाव बदललं, एवढं पटवायला तीन पत्रं लागली. कन्नडवरून जर्मन करणारा शपथबद्ध अनुवादक शोधण्यात सात आठवडे गेले. कागद कुठल्या भाषेत असावा यावरून आपल्याकडं किती वर्षं मोर्चे निघतायत, हे त्या बाईंना सांगायचं तर सुरुवात कुठून करायची? नाही सांगितलं.

आता तुझा प्रश्न. इथं पाच कायम कामगार असले तरी कामगारांना आपली समिती निवडता येते. त्याला बेट्रीब्सराट म्हणतात. ही युनियन नव्हे, युनियन वेगळी. दर चार वर्षांनी मार्च ते मे या काळात निवडणूक होते. सहा महिने नोकरी झाली की परदेशी माणूसही उभा राहू शकतो, १९७२ पासून. पासपोर्ट कुठला हे कोण विचारत नाही, तेव्हा व्हिसाची भीती काढून टाक. कुणालाही काढायच्या आधी मालकानं समितीचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, प्रोबेशनमधला असला तरी. न ऐकता काढलं तर ते काढणंच रद्द.

पण लगेच हुरळून जाऊ नको. कारखाना दुसऱ्या देशात हलवायचं मालकानं ठरवलं तर समिती ते थांबवू शकत नाही, भरपाईवर भांडू शकते. आणि समिती आपोआप होत नाही. कुणी पुढाकार घेतला नाही तर नसते, आणि छोट्या वर्कशॉपात बहुतेक नसतेच. ऑफर आली की एचआरला नको, तिथल्या एखाद्या टर्नरला विचार.

पहिल्या वर्षीच मला या समितीचा राग आला होता. आम्ही सत्तर माणसं, हायड्रॉलिकचे पार्ट. ऑर्डर वाढली म्हणून फोरमननं दोन शनिवारचा ओव्हरटाइम लावला. घरी स्लॅबचं काम चाललेलं, मी खूश. सोमवारी बघतो तर बोर्डावरचा कागद गेलेला. समितीला विचारलं नव्हतं म्हणून रद्द. जादा वेळ काम लावायचं तर इथं समितीची संमती लागते. शेजारच्या मशीनवरचा म्हातारा म्हणाला, पुढच्या आठवड्यात विचारतील आणि आम्ही होही म्हणू, पण विचारायला पाहिजे. माझे दोन शनिवार गेले ते गेलेच.

हे तुला नवल वाटेल, पण आपल्याकडंही कायदा होता. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचं कलम ३. शंभर किंवा जास्त कामगार असतील तर कार्य समिती, आणि तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत. १९७६ ला घटनेतही घातलं, कलम ४३क, व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग. २०२० च्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही शंभरचा आकडा तसाच आहे. मला हे पाठ आहे, कारण बेळगावच्या उद्यमबागेतल्या ज्या फाउंड्रीत मी नऊ वर्षं होतो, तिथल्या कार्य समितीचा मी सभासद होतो.

कुणी निवडलं? कुणी नाही. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, चहा दिला आणि रजिस्टर पुढं केलं. वर्षभराच्या चार बैठका आधीच लिहून ठेवलेल्या. विषय कॅन्टीनचा चहा, पिण्याचं पाणी, सायकल स्टँड. खाली माझं नाव. टेबलावर दोन पेनं होती, एक निळं, एक काळं. साहेब म्हणाले, "दोन निळ्यानं कर, दोन काळ्यानं. एका दिवशी केल्यासारखं दिसू नये." मी केल्या. तिसऱ्या बैठकीत एक ओळ होती, 'सुरक्षा साधनांबाबत तक्रार नाही.' ती मी वाचली होती. वाचली नव्हती असं बरेच दिवस लोकांना सांगितलं.

फेटलिंगला, म्हणजे ओतलेले पार्ट घासून साफ करायला, आमच्यात खानापूरकडचा एकजण होता. गॉगल ओरखडून आंधळा झालाय, बदलून द्या, असं तीन महिने म्हणत होता. मलाही म्हणाला, "तू समितीत हाईस न्हवं गा, सांग की." पुढं ग्राइंडिंगचा चुरा उजव्या डोळ्यात गेला. चौकशी झाली तेव्हा ते रजिस्टर बाहेर आलं. माझी सही काळ्या शाईत होती.

२०२२ ला इथं समितीची निवडणूक आली तेव्हा निवडणूक मंडळातली एक बाई माझ्या मशीनजवळ आली. ज्यांना जर्मन नीट येत नाही त्यांना सगळी माहिती कळेल असं बघणं मंडळाचं काम असतं. तिनं विचारलं, "तुला कुठल्या भाषेत पाहिजे?" मी इंग्रजी म्हटलं. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, मराठी म्हणायचं की, बघितलं असतं काय करतात. दोघंही हसलो. मग म्हाताऱ्यानं विचारलं, तू उभा राहा, नवीन पोरं तुझं ऐकतात. मी जर्मन कच्चं असल्याचं सांगितलं. तेव्हा माझं जर्मन चांगलं होतं.

पोरीच्या शाळेचंही तसंच. या राज्यात चौथीनंतर मुलं वरची, मधली अशा वेगवेगळ्या शाळांत वाटली जातात. गणितात पहिली असलेल्या पोरीची शिफारस मधल्या शाळेसाठी केली, कारण भाषा. बाईंनी कागद पुढं केला, मी सही केली. तेव्हा ती शिफारस बंधनकारक नव्हती, आईबापांना वरची शाळा निवडता येत होती, हे वर्षभरानं एका पोलिश शेजाऱ्याकडून कळलं. पालकांच्या बैठकीत सांगितलं होतं म्हणे. माझी सेकंड शिफ्ट होती. शिफ्ट बदलून मागता आली असती. पोरगी आता बरी शिकतेय, पण मी अजून त्या वरच्या शाळेवरून जात नाही, मागच्या रस्त्यानं जातो.

एकटेपणाचं विचारलंस. येतो. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा जास्त. सवय होते.

म्हातारा रिटायर झाला. त्याच्या जागी उभं राहशील काय म्हणून परत विचारलंय, अजून मी काही बोललो नाही.

मागच्या मे महिन्यात बेळगावला गेलो होतो. तिसऱ्या गेटजवळ तो खानापूरकडचा भेटला, आता पानाची टपरी आहे त्याची. डोळ्याचं मी काढलं नाही, त्यानंही काढलं नाही. सुपारी कातरत विचारलं, "तिकडं गॉगल कंपनी देती व्हय?"

"देते."

"नंबरचा पण?"

"नंबरचा पण."