आधी टाकं किती लिटरचं ते मोजा, मासे नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे: परसात १० बाय ८ फुटांचं सिमेंटचं टाकं, त्यात मासे, नोकरी सांभाळून मराठीत यूट्यूब चॅनेल काढायचंय आणि 'मासे, बाग आणि घरगुती शेती' हा विषय फार लहान तर पडणार नाही ना? लहान कुठला, अवाढव्य आहे. त्या टाक्यात तुम्ही समुद्र ओतायला निघालाय.

चॅनेलच्या ठरावीक, अरुंद विषयाला 'निश' म्हणतात. हा शब्द मुळात भिंतीतल्या कोनाड्याचा. तो आधी परिसरशास्त्रात गेला, बाजारवाल्यांनी नंतर उचलला. त्यामुळे टाक्यात वाकून बघत विषय ठरवला तर त्यात ओढूनताणून काही नाही.

पहिलं काम मोजमाप. १० × ८ फूट आणि पाणी अडीच फूट म्हणजे २०० घनफूट. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर, म्हणजे साधारण ५,६०० लिटर. कोई (शोभेचे रंगीत कार्प मासे) ठेवायचे तर एका मोठ्या माशाला हजारेक लिटर धरतात, म्हणजे पाच. दुकानात चार इंचांचे पंधरा घेतले तरी मावल्यासारखे दिसतात. ते वाढले की त्यांच्या घाणीतून पाण्यातला विषारी अमोनिया वाढतो आणि मग रोज एक तरंगतो. तुमच्या वेळेचंही असंच लिटर काढा. आठ मिनिटांचा नीट व्हिडिओ म्हणजे चित्रण, संकलन, थंबनेल धरून आठ-दहा तास सहज जातात. आठवड्याला पाच तास मोकळे असतील तर महिन्याला दोन व्हिडिओ, फार तर अडीच. एवढ्या पाण्यात तीन विषय जगत नाहीत.

दुसरं काम थर ओळखण्याचं, आणि खरी मेख इथेच आहे. शेततळ्यात कटला, रोहू, मृगळ एकत्र का सोडतात? कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरातलं खातो. रोहू मधल्या थरातलं, मृगळ तळातला कुजका गाळ. साधारण ४०:३०:३० धरतात आणि कोणी कोणाच्या ताटात हात घालत नाही. त्याच तळ्यात चंदेरा (सिल्व्हर कार्प) भरपूर सोडला की तो कटल्याच्या थरात घुसतो आणि कटल्याची वाढ खुंटते. सायप्रिनस (कॉमन कार्प) जास्त झाला तर मृगळाचं तेच. तळं तेच, खाद्य तेवढंच, फक्त एकाच थरात दोघं.

तुमच्या विषयाचा वरचा थर म्हणजे रंगीत मासे, सुंदर कोई, 'घरी तळं बनवा'. तिथे हिंदीतले मोठे चॅनेल आधीच तोंड वर करून बसलेत. तळ मात्र बऱ्यापैकी मोकळा असतो: गळकं टाकं, हिरवं पाणी, मेलेले मासे, डास. दिसायला गचाळ, पण माणूस रात्री अकरा वाजता शोधतो ते हेच.

उदाहरणादाखल एकच प्रश्न घ्या: नव्या सिमेंटच्या टाक्यात मासे का मरतात? कारण ताज्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो आणि पीएच (पाणी आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा, ७ म्हणजे मध्यम) ९-१०च्या वर जातो. उपाय: टाकं भरून चार-पाच दिवस ठेवायचं, रिकामं करून ब्रशने घासायचं, पुन्हा भरायचं. असं तीन-चार वेळा. बरेच हौशी लोक पाण्यात केळीच्या खांबाचे तुकडेही टाकतात, ते कुजायच्या आत काढायचे. शेवटच्या भरण्यानंतर दोन दिवसांनी पीएच साडेआठच्या खाली असेल तरच पुढे जायचं. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन उडायला २४ तास उघडं ठेवून हवा मारायची. एवढ्या एका प्रश्नातून चार व्हिडिओ निघतात: पीएच मोजणं, धुण्याची पद्धत, क्लोरीन, पहिले मासे किती आणि केव्हा. विषय अरुंद असूनही खोल आहे की नाही, ते असं कळतं.

आता चाचणी. एका कागदावर ३० शीर्षकं लिहा, सगळी एकाच माणसाच्या कामाची. बाराव्यालाच अडकलात तर ते डबकं आहे. तिसावं सहज आलं, पण पाचवं बागवाल्याचं आणि नववं शेतकऱ्याचं असेल तर विषय फुटलाय. मग यूट्यूबच्या शोधपट्टीत तेच शब्द देवनागरीत टाका, नंतर तेच मराठी रोमन लिपीत. पुष्कळ लोक रोमनमध्येच टाइप करतात आणि सुचवण्या दोन्हीकडे वेगळ्या येतात. ऋतूही बघा: एप्रिल-मेमध्ये हिरवं पाणी, पावसाळ्यात डास आणि गढूळ पाणी, थंडीत 'मासे खात नाहीत'. वर्षभराचं खाद्य असं वाटून आलेलं असतं.

नव्या टाक्यात अमोनिया पचवणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर दोन-तीन काटक मासे, खाद्य पाच मिनिटांत संपेल एवढंच. या काळात फिल्टर क्लोरीनच्या नळाखाली धुतला की जिवाणू मेले, पुन्हा पहिल्यापासून. दर तिसऱ्या आठवड्याला चॅनेलचा विषय बदलणारे नेमकं हेच करतात. २०-२५ व्हिडिओंपर्यंत विषयाला हात लावू नका. शीर्षकं आणि थंबनेल खुशाल बदला, ते पाण्याचा दहा टक्के भाग बदलण्यासारखं आहे.

हिरव्यागार पाण्याला भुलू नका. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेच ओढून घेतं आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून हापसायला लागतात. झटपट मिळालेले व्ह्यूजही असेच. टाक्यात मांजर पडल्याचा शॉर्ट (छोटा उभा व्हिडिओ) चालला, हजारभर लोक आले, तर पुढचा पीएचचा व्हिडिओ त्यातले किती बघणार? मांजर टाकूच नका.

पैशाचं म्हणाल तर जाहिरातींच्या वाट्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास पाहणं (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज) लागतात. महिन्याला दोन व्हिडिओ टाकून हे वर्षात होईलच असं धरून चालू नका.

तीन महिन्यांनी यूट्यूब स्टुडिओत (चॅनेलचे आकडे दाखवणाऱ्या पानावर) प्रेक्षक कुठून आले ते बघा. यूट्यूबच्या शोधातून येणाऱ्यांचा वाटा वाढतोय का आणि ते कोणते शब्द टाइप करून आले, याची यादी तिथेच मिळते. 'टाकी पाणी हिरवं का होतं' असं कोणी लिहिलं असेल तर पुढच्या व्हिडिओचं शीर्षक तेच, शब्दही न बदलता.