इंग्रजीतल्या 'गेट' या क्रियापदाचे इतके अर्थ कसे लक्षात ठेवायचे?

तुम्ही म्हणता, डिक्शनरीत 'गेट'खाली अर्थांची ही लांबलचक रांग, पाठ कशी करायची? करूच नका. मी कोल्हापुरात राजारामपुरीत स्पोकन इंग्लिश शिकवतो. 'गेट म्हणजे काय?' असं कुणी विचारलं की मी उलटं विचारतो, 'पुढं काय आलंय?'

पुढं वस्तू आली की मिळणं किंवा आणणं. 'आय गॉट अ सीट ऑन द बस', जागा मिळाली (सकाळी केएमटीत, म्हणजे आमच्या सिटी बसमध्ये, कुणी हे म्हणालं तर विश्वास ठेवू नका). पुढं ठिकाण आलं की पोचणं: 'वी गॉट टू पन्हाळा बाय सेव्हन.'

पुढं विशेषण आलं की होणं. 'द रस्सा इज गेटिंग कोल्ड', म्हणजे रस्सा गार व्हायलाय. इथं एक खड्डा आहे. डॉक्टर व्हायचंय हे सांगायला 'बिकम अ डॉक्टर'च लागतं. 'गेट अ डॉक्टर' म्हटलं तर घरचे डॉक्टरला बोलवायला पळतील.

लग्नाचंही तसंच. 'शी इज मॅरिड' म्हणजे ती विवाहित आहे. लग्न कधी झालं ते सांगायचं असेल तर 'शी गॉट मॅरिड इन मे'. आणि 'गेट लॉस्ट' ही शिवी वाटली तरी 'वी गॉट लॉस्ट नियर भवानी मंडप' म्हणजे निव्वळ रस्ता चुकलो.

आता खरी गंमत. पोरं अडतात ती इथंच, आणि मराठी माणसानं अडायचं काही कारण नाही, कारण आपल्याकडं 'करून घेणं' आहे. 'आय गॉट माय चप्पल्स स्टिच्ड': पायताण शिवून घेतलं, स्वतः शिवलं नाही. शिवणाऱ्याला वाक्यात आणलं की 'टू' लागतो: 'आय गॉट हिम टू स्टिच देम.' 'मेक'ला तो लागत नाही, 'आय मेड हिम स्टिच देम', पण त्यात जबरदस्ती आली. 'गेट'मध्ये गोड बोलून, गळ घालून काम काढलेलं असतं.

'गेट टू'च्या पुढं क्रियापद आलं की आपलं 'बघायला मिळणं', 'बोलायला मिळणं'. 'वी गॉट टू सी द कुस्ती ॲट खासबाग', खासबागेत कुस्ती बघायला मिळाली. मात्र 'आय हॅव गॉट टू गो' म्हणजे जायलाच पाहिजे. तिथं संधीबिंधी काही नाही.

'आय हॅव गॉट अ बाइक' म्हणजे माझ्याकडं गाडी आहे, एवढंच. अमेरिकन माणूस 'आय हॅव गॉटन अ बाइक' म्हणाला तर त्यानं ती मिळवलीय. आपण 'गॉटन'च्या नादी नाही लागलं तरी चालतं.

बस, रेल्वे, विमानात चढताना 'गेट ऑन', रिक्षात किंवा कारमध्ये बसताना 'गेट इन'. आत चालत जाता येतं का, एवढं बघा. 'गेट ओव्हर' (दुःखातून, आजारातून सावरणं), 'गेट अवे विथ' (चूक करूनही सुटणं) असले जोड मात्र अख्खेच्या अख्खे शिकावे लागतात, तुकडे पाडून हाती काही लागत नाही.

बोलताना 'गेट' कितीही वापरा. बँकेच्या अर्जात 'आय गॉट युवर लेटर' नको, 'रिसीव्ड' लिहा.