ब्रिग म्हणजे कोठडी? आधी भांडण!

प्रश्न आला आहे: अमेरिकन क्रांतीतल्या 'अँड्र्यू डोरिया' या जहाजाला ब्रिग म्हणतात आणि ब्रिग म्हणजे जहाजावरची कोठडी, मग ते कैद्यांचं जहाज होतं का?

नव्हतं हो! 'टाका याला ब्रिगमध्ये' हे सिनेमात ऐकून ऐकून हा घोळ झालाय. कोठडीचा अर्थ अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात रुजला. हे जहाज क्रांतिकारकांच्या आरमाराने घेतलं १७७५ साली. दोन डोलकाठ्या, दोन्हींवर आडव्या परबाणांना, म्हणजे शिडं बांधायच्या दांड्यांना, चौकोनी शिडं, की झाली ब्रिग. तोफा १४, त्याही चार पौंडी, म्हणजे चार पौंडांचा गोळा फेकणाऱ्या. गोळा मोसंब्याएवढा!

खरी गंमत पुढे आहे. ब्रिग हे 'ब्रिगँटिन'चं लघुरूप, ते इटालियन 'ब्रिगांतिनो'वरून, ते 'ब्रिगांते'वरून, आणि मुळाशी 'ब्रिगा', म्हणजे भांडण! 'ब्रिगेड'ही याच घरातली. म्हणजे ब्रिगेडियरसाहेब आणि इटलीतले दरोडेखोर ब्रिगांते चुलतभाऊ, आणि आग विझवायला येणाऱ्या फायर ब्रिगेडच्या नावातही भांडण. त्यात हे जहाज ज्याच्या नावाचं, तो आंद्रेआ डोरिया जिनोआचा दर्यासारंग. शब्द इटालियन, नाव इटालियन, लढणारे फिलाडेल्फियाचे!

'ब्रिगा' कुठून आला यावर पंडितांचं एकमत नाही. काही जण तो जर्मानिक 'मोडणे'शी जोडतात. भांडणात काहीतरी मोडतंच, म्हणून? हा तर्क शाळकरी आहे. मी केल्टिक, म्हणजे आयर्लंड-वेल्सकडच्या भाषांच्या कुळातलं, 'बळ' मानणाऱ्यांच्या बाजूचा. आपल्याकडे नाही का, जोर आला की जोराजोरी आलीच! माझा तर संशय आहे की कोठडीचा अर्थही थेट ब्रिगाचाच: भांडखोरांना डांबायची जागा. कोशकार सांगतात की ब्रिग जहाजांवर कैदी ठेवत, म्हणून हा अर्थ आला. सांगोत बापडे.

आणि ब्रिगला मराठीत 'गुराब' म्हणा असं सुचवणाऱ्यांना हात जोडून विनंती, नका. गुराब हा अरबी 'घुराब', म्हणजे कावळा. आंग्र्यांच्या गुराबांची, म्हणजे त्या लढाऊ जहाजांची, नाळ (पुढचं टोक) लांबच लांब निघालेली असे. डोलकाठ्या मोजून जहाजाची जात ठरत नाही.

हां, कैदी. मे १७७६ मध्ये 'अँड्र्यू डोरिया'चा कप्तान निकोलस बिडल याने स्कॉटिश हायलँडर सैनिक नेणारी दोन ब्रिटिश जहाजं पकडली. त्यातल्या 'ऑक्सफर्ड'वरच्या कैद्यांनी वाटेतच उठाव करून जहाज परत ताब्यात घेतलं. याला म्हणतात ब्रिगा!