सुरुवात रमाबाईंपासून कर

देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या स्त्रीवादाचा अभ्यास कुठून सुरू करायचा, असं विचारलंस ना? सिद्धांतांची जाडजूड पुस्तकं आत्ता बाजूला ठेव. एका बाईचा प्रवास धर: पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंड, १८८६ ला अमेरिका. तिथे गावोगाव भाषणं दिली, बॉस्टनमध्ये मदतीसाठी मंडळ उभं राहिलं आणि १८८९ मध्ये मुंबईत, चौपाटीला, विधवांसाठी शारदा सदन निघालं. विचार आणि पैसा सीमा कसा ओलांडतो, ते इथे लख्ख दिसतं.

नवखेपणी दोन चुका हमखास होतात:
- 'स्त्रीवाद सगळा पश्चिमेकडून आला' असं धरणं. ताराबाई शिंदेंचं 'स्त्रीपुरुष तुलना' हे मराठी पुस्तक १८८२ चंच आहे!
- जगभरच्या बायकांचं दुःख एकच मानणं. जात, वर्ग, वसाहत विसरू नकोस.

मेक्सिको १९७५, बीजिंग १९९५ या जागतिक महिला परिषदा नंतर बघू. अडलं की बिनधास्त विचार, दादरला भेटूनही बोलू.