'जीर्ण वेदना' की 'जुनाट दुखणं'?

इंदूरच्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे येणारे बरेच जण राजेंद्रनगर, लोकमान्यनगर भागातले मराठी. त्यांच्यासाठी ताई एक पत्रक करताहेत: लहानपणी जे सोसलं, त्याचा मोठेपणीच्या न हटणाऱ्या दुखण्याशी काय संबंध? हिंदी मसुद्यात 'जीर्ण दर्द' आहे. मराठीत 'जीर्ण वेदना', 'खडतर बालपण' असं लिहिलं तर चालेल का, आणि 'हे मनाचं दुखणं आहे' म्हणावं का, असं त्या विचारतात.

'जीर्ण' नको. आयुर्वेदातला जीर्णज्वर सोडला तर मराठीत देऊळ जीर्ण होतं, लुगडं जीर्ण होतं. वेदना जीर्ण झाली म्हटलं, तर ती विरत चालली असं वाटून वाचणारा सुटकेचा श्वास टाकेल. 'जुनाट दुखणं' लिहा. व्याख्या सोपी आहे: तीन महिन्यांहून जास्त टिकणारं किंवा पुन्हा पुन्हा उठणारं. 'दुखणं उठतं' हे आपण बोलतोच.

'वेदना' चूक नाही, पण आपल्या क्रियापदांत इथे जास्त उपयोगाचं काही आहे. 'दुखावणे' आणि 'दुखणे' ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. गुडघा दुखावला म्हणजे इजा झाली. गुडघा दुखतो म्हणजे आत्ता जाणवतंय. दुखावलेलं भरून आलं तरी दुखणं मागे उरू शकतं, ही या विषयातली सगळ्यात अवघड गोष्ट मराठीत दोन क्रियापदांत सांगून होते. शिवाय गुडघाही दुखावतो आणि माणूसही दुखावतो. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही १९७९ च्या व्याख्येत वेदनेला संवेदनेबरोबर भावनेचाही अनुभव म्हटलं, आणि २०२० साली व्याख्या सुधारताना ते तसंच ठेवलं. हिंदीतल्या 'दर्द'मध्ये ही दोन्ही अंगं आहेत, पण दुखावणं-दुखणं हा भेद त्या एका शब्दात मावत नाही. आपल्या इंदुरी घरांत 'कंबर दर्द करतेय' सर्रास ऐकू येतं, त्याला माझी हरकत नाही. पत्रकात मात्र 'दुखते' असू द्या.

'खडतर बालपण' हा खरा सापळा आहे. मराठी चरित्रांनी या शब्दाला गरिबी चिकटवून ठेवली आहे: वार लावून जेवण, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास, आणि मग यश. तुमच्या विषयातली यादी वेगळी आहे. लहानपणी सोसलेलं आणि मोठेपणीचे आजार यांच्या संबंधावरचा डॉक्टर व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांचा कॅलिफोर्नियातला प्रसिद्ध अभ्यास १९९८ साली छापून आला. त्यातून पुढे रूढ झालेल्या दहा प्रकारांत मारझोड, लैंगिक अत्याचार, सततचा पाणउतारा, आईला होणारी मारहाण, घरातलं व्यसन, घरातल्या कुणाचा मानसिक आजार, आई-वडिलांचं विभक्त होणं, कुणाचा तुरुंगवास आणि दोन तऱ्हांची हेळसांड आहे. गरिबी त्यात नाहीच. बंगल्यात वाढलेल्या माणसाला 'खडतर' वाचून वाटेल, हे माझ्यासाठी नाही. हेळसांडीला 'दुर्लक्ष' लिहू नका, ते फार सौम्य आहे, 'आबाळ' लिहा. पोटाची आबाळ होते तशी मायेचीही होते.

शरीरात काय होतं ते सांगताना 'केंद्रीय संवेदनीकरण' हा शब्द पत्रकात आला की वाचणारा घडी घालून खिशात टाकणार. त्यामागची गोष्ट साधी आहे: १९८३ साली वेदनेचे अभ्यासक क्लिफर्ड वुल्फ यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की इजेनंतर मज्जारज्जूच जास्त जोरात प्रतिसाद देऊ लागतो. लहानपणी सतत धास्तीत राहिलेल्या शरीराची ताणाला तोंड देणारी यंत्रणाही बदलते, आणि दुखण्याची पातळी त्यामुळे वाढत असावी असं अभ्यासक मानतात. याला 'मज्जासंस्था हळवी होते' म्हणण्याचा मोह होईल. टाळा. 'हळवी आहे ती' हे आपल्याकडे नावं ठेवण्यासाठीही म्हणतात, विशेषतः सुनांना. त्यापेक्षा 'तिखट होते' म्हणा. कान तिखट असतात, नजर तिखट असते, तशी.

'मनाचं दुखणं' तर अजिबात नको. तुम्हाला म्हणायचंय एक, आणि ऐकू येईल 'मनाचे खेळ'. या रुग्णांनी ते घरात पुष्कळ ऐकलेलं असतं, आणि म्हणूनच अनेकांनी दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढलेलं असतं.

शेवटी एका प्रत्ययाबद्दल, जो तुम्ही विचारलेला नाही: '-मुळे'. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ८ लाखांहून जास्त प्रौढांची माहिती एकत्र केली होती. लहानपणी थेट अत्याचार किंवा आबाळ सोसलेल्यांत जुनाट दुखण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त दिसली. म्हणजे संबंध दिसला. 'मुळे' लिहिलंत की प्रत्येक कंबरदुखीचा आरोप आई-बापांवर जातो, आणि ज्यांचं बालपण सुखाचं गेलं तेही जुन्या आठवणी उकरत बसतात. वाक्य असं करता येईल: 'लहानपणी मारझोड, पाणउतारा किंवा आबाळ सोसलेल्यांमध्ये मोठेपणी जुनाट दुखणं जास्त प्रमाणात आढळतं, ते दुखणं खरं असतं आणि त्यावर उपचार आहेत.' हिंदी पत्रकातही 'के कारण' असेल तर तेवढं बदलून घ्या.