युरोप स्वतःची आर्मी का काढत नाही?

प्रश्न : सर, ट्रम्प सारखं युरोपला सुनावतात की खर्च करा, आमच्या जिवावर किती दिवस राहणार. मग हे 27 देश मिळून स्वतःची आर्मी का नाही उभी करत? पैसा तर आहे. आमच्या सोसायटीत सिक्युरिटीवाले नीट काम करेनात तर आम्ही सरळ मीटिंगमध्ये ठराव करून एजन्सी बदलली. (एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : तुमचा ठराव बहुमताने झाला असणार, तिथेच फरक आहे बघा. युरोपियन युनियनमध्ये संरक्षणाचा विषय आला की सगळ्यांचा होकार लागतो, एकाने जरी आडकाठी केली तरी गाडी अडली. आणि ब्रिटन, ज्याच्याकडे अणुबॉम्बसकट बऱ्यापैकी लष्कर आहे, तो तर युनियनमधून बाहेरच पडला.

तसा प्रयत्न फार जुना आहे हं. 1952 मध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली आणि बेल्जियम-नेदरलँड्स-लक्झेंबर्ग यांनी एकत्र फौजेच्या करारावर सह्यासुद्धा केल्या होत्या, कल्पना मूळ फ्रान्सचीच, आणि ऑगस्ट 1954 मध्ये फ्रान्सच्याच संसदेने 319 विरुद्ध 264 मतांनी ती गुंडाळली, वर विरोधकांनी सभागृहात उभं राहून राष्ट्रगीत म्हटलं! दुसरं महायुद्ध संपून जेमतेम नऊ वर्षं झालेली, जर्मन सैनिकांच्या हातात परत बंदुका द्यायच्या म्हटल्यावर पोटात गोळा येणारच. पुढच्याच वर्षी पश्चिम जर्मनी नाटोत, म्हणजे अमेरिकेच्या पुढाकाराने चालणाऱ्या लष्करी आघाडीत आला, म्हणजे बंदुका मिळाल्याच, फक्त अमेरिकेच्या छत्राखाली.

आता अमेरिकेचं म्हणाल तर तिला दोन्ही पाहिजे. 1998 मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान ब्लेअर आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी फ्रान्समधल्या सेंट मालोला युरोपने स्वतःच्या बळावर कारवाई करता यावी असं ठरवलं, तर लगेच अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री मॅडेलिन ऑलब्राइट यांनी बजावलं की नाटोपासून तुटू नका, नाटोकडे आहे तेच दुसऱ्यांदा उभारू नका, आणि युनियनमध्ये नसलेल्या नाटो देशांना बाजूला ठेवू नका. गंमत म्हणजे 2019 मध्ये खुद्द ट्रम्प सरकारने ब्रसेल्सला, म्हणजे युरोपियन युनियनला पत्र लिहून कुरकुर केली की तुमच्या नव्या संरक्षण फंडात आमच्या कंपन्यांना वाव राहत नाही. म्हणजे खर्च करा, पण सामान आमच्याकडून घ्या, असा एकूण मामला आहे.

माझ्या मते पैशापेक्षा मोठी अडचण सैन्याच्या मागे जी यंत्रणा लागते तिची आहे. 2011 ला लिबियात बघा ना, बहुतेक बॉम्बहल्ले युरोपियन विमानांनी केले पण त्यांना हवेत इंधन भरून देणारी टँकर विमानं मुख्यतः अमेरिकेची होती आणि काही आठवड्यांतच बऱ्याच देशांचा दारूगोळा आटत आला. 2025 मध्ये हेगला नाटो देशांनी 2035 पर्यंत जीडीपीच्या 5 टक्के खर्चाचं कबूल केलंय, पण टँकर, सॅटेलाइट, मोठी मालवाहू विमानं हे ऑर्डर दिली की पुढच्या महिन्यात येत नाही, आणि शिवाय अनेक देश अमेरिकन एफ-35 लढाऊ विमानंच घेत बसलेत.

प्रश्न : नाटोचा लष्करप्रमुख कायम अमेरिकनच का? (एक वाचक, नेरुळ)

उत्तर : युरोपमधला सर्वोच्च कमांडर म्हणत असाल तर हो, 1951 च्या आयझेनहॉवरपासून आजपर्यंत अमेरिकनच. अमेरिकन अण्वस्त्रं आणि सैनिक परक्या जनरलच्या हुकुमाखाली द्यायला वॉशिंग्टन तयार नाही आणि युरोपलाही तो माणूस तिथे बसलेला बरा वाटतो. सेक्रेटरी जनरल मात्र दरवेळी युरोपियन, सध्या नेदरलँड्सचे मार्क रुटे.