‘होरा’: तास, अर्धी रास आणि अंदाज

‘निकालाबाबतचा त्यांचा होरा चुकला’ या वाक्यातील ‘होरा’ आणि पंचांगातील ‘होरा’ हे एकच शब्द आहेत का, असा प्रश्न आहे. शब्द एकच आहे आणि तो प्राचीन ग्रीकमधून आलेला आहे. तिथे त्याचा जुना अर्थ ऋतू असा होता. पुढे कालमान आखडत जाऊन तो तासाला लावला जाऊ लागला. इंग्रजीतील ‘अवर’ याच मुळातला.

यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, ज्योतिषाबरोबर हा शब्द संस्कृतात आला, आणि तिथे त्याला फुटलेले अर्थ मला सर्वांत वेधक वाटतात. दिवसरात्रीत बारा राशी क्रमाने उगवतात. म्हणून सरासरीने एका तासात अर्धी रास उगवते, आणि त्यामुळे राशीच्या १५ अंशांच्या अर्ध्या भागालाही ‘होरा’ हेच नाव मिळाले. शिवाय लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास, हाही त्याचा एक अर्थ आहे, आणि जातक, म्हणजे जन्मवेळेवरून माणसाचे भविष्य, वर्तवण्याच्या संपूर्ण शास्त्रालाही होराशास्त्र म्हणतात. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहज्जातका’त एक मत नोंदवले आहे, की ‘अहोरात्र’ या शब्दाचे पहिले व शेवटचे अक्षर गाळले की ‘होरा’ उरतो. ही व्युत्पत्ती चतुर आहे, पण ऐतिहासिक नाही.

पंचांगात तासाचाच अर्थ टिकला आहे. प्रत्येक होऱ्याला रवी, शुक्र, बुध, चंद्र, शनी, गुरू, मंगळ या क्रमाने एकेक ग्रह स्वामी मानला जातो. रविवारचा पहिला होरा रवीचा धरला, तर २४ होरे संपल्यावर येणारा पंचविसावा चंद्राचा असतो, म्हणून पुढचा वार सोमवार. वारांचा क्रम असा ठरतो.

मराठीतला ‘अंदाज’ हा अर्थ मात्र या शास्त्राच्या नावावरून आला असावा, कारण होरा पाहणे म्हणजे भविष्य वर्तवणे. संस्कृतात स्त्रीलिंगी असलेला हा शब्द या अर्थाने मराठीत पुल्लिंगी झाला, जसा ‘तारा’ झाला. मात्र ‘होरा’ सरसकट ‘अंदाजा’च्या जागी वापरू नये, असे माझे मत आहे: खोलीच्या लांबीचा अंदाज करतात, होरा पुढे घडणाऱ्या गोष्टीचाच असतो.